डेटाशीटवरचा आकडा म्हणजे कपॅसिटी नव्हे!

दर वेळी तेच. कोणीतरी डेटाशीट उघडतं, "१००० सेशन्स" (म्हणजे एकाच वेळी चालणारे कॉल्स) वाचतं आणि एसबीसीचा (सेशन बॉर्डर कंट्रोलर, दोन नेटवर्क्सच्या सीमेवर इंटरनेट फोन कॉल्स सांभाळणारा) व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, इतर व्हीएम्ससोबत शेअर्ड होस्टवर टाकून मोकळं होतं. अरे बाबांनो, तो आकडा बहुतेकदा साध्या जी.७११ कोडेकच्या (आवाज डिजिटल करायची पद्धत) कॉल्सचा असतो, ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदल) नाही, एसआरटीपी (आवाजाचं एन्क्रिप्शन) नाही, सीपीयूचे कोअर्स पूर्ण राखीव. २० मिलिसेकंदाचं पॅकेट धरलं तर एका बाजूने सेकंदाला ५० पॅकेट्स, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १००० कॉल्सना सेकंदाला लाखभर आत नि लाखभर बाहेर, आणि सगळी एवढीएवढीशी, त्यामुळे १ गिगाबिटची लिंक पाव हिस्साही भरत नाही तोवर व्हर्च्युअल स्विच (व्हीएमची पॅकेट्स आत-बाहेर नेणारं होस्टवरचं सॉफ्टवेअर) धापा टाकायला लागतो. ग्राफवर सीपीयू निवांत दिसतो, पण शेजारच्या व्हीएमने बॅकअप सुरू केला की स्टील टाइम (आपल्या व्हीएमला सीपीयूसाठी ताटकळावं लागलेला वेळ) चढतो, आवाज तुटतो आणि "नेटवर्क बघा" म्हणून आमच्याच मागे लागतात! वर ओपस ते जी.७२९ असं कोडेक बदलणं, तेही डीएसपीशिवाय (त्या कामाच्या खास चिपशिवाय). सेकंदाला नवे कॉल्स किती येणार हे तर कुणी विचारतच नाही. कोअर पिनिंग (व्हीएमला ठरावीक कोअर्स बांधून देणं) आणि एसआर-आयओव्ही (व्हर्च्युअल स्विच टाळून थेट नेटवर्क कार्ड वापरणं) द्या असं लेखी मागितलं, तर म्हणे बजेटमध्ये बसत नाही.