फिजिक्स कच्चं नाही हो, प्रश्नच कळलेला नसतो

दहावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तोच असतो. "मॅडम, पोरगं मराठी मीडियमचं आहे. नीट-सीईटी जमेल का त्याला?" म्हणजे बारावीनंतरच्या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा.

मी अहमदपूरला सतरा वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. त्याआधी तीन वर्षं एका शहरातल्या मोठ्या क्लासमध्ये होते. या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, आणि एकदा मी ते दोन मिनिटांतच दिलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जवळच्या खेड्यातली एक मुलगी माझ्या बॅचला आली. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे गावातलंच हायस्कूल, सगळं मराठीतून. दहावीला ९१ टक्के. पहिल्या टेस्टला पन्नासपैकी नऊ, दुसऱ्या टेस्टला अकरा. वर्गात मान खाली घालून बसायची. काही विचारलं की उभी राहायची आणि तशीच उभी राहायची.

वडील भेटायला आले. "मॅडम, पोरगी हुशार हाय हो. धाव्वीला येक्क्याण्णव हायेत." मी म्हणाले, "दादा, फिजिक्स तिला झेपायचं नाही. उगाच दोन वर्षं जातील. नीटचा नाद सोडा." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बगा, तुमी म्हन्ता तर." दिवाळीनंतर ती आली नाही. आर्ट्सला गेल्याचं नंतर कळलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी कप्पीची गणितं चालू होती. दोन ठोकळे, मध्ये कप्पी, वरून गेलेली दोरी. पुस्तकात अशा गणितात नेहमी असतं, 'लाइट इनएक्स्टेन्सिबल स्ट्रिंग'. एका मुलाने हात वर करून विचारलं, "मॅडम, दोरीतून लाइट कशी काय जाईल?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. तो लाल झाला आणि खाली बसला.

रात्री मात्र मला झोप लागेना. मी प्रत्येक बॅचच्या पहिल्या टेस्टचे पेपर बांधून ठेवते. उठून २०१८ चा गठ्ठा काढला आणि त्या मुलीचा पेपर शोधला. कप्पीचं गणित होतंच. आकृती सुरेख काढलेली, पट्टी लावून. आणि दोरीच्या दोन्ही बाजूंनी बारीक बारीक रेघा, लहान मुलं बल्बच्या भोवती काढतात तशा. शेजारी पेन्सिलने 'करंट?' लिहून खोडलेलं. खोडलं तरी खूण राहिली होती. पेपर तपासताना मी ते पाहिलं असणारच. मला ती गिरमिट वाटली असेल. मी त्यावर शून्य देऊन पुढे गेले होते.

आमच्याकडे लाइट म्हणजे वीज. लाइट आली, लाइट गेली, लाइटबिल भरलं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला 'लाइट'चा 'हलका' हा अर्थ कुणी सांगितला? मी तर नव्हता सांगितला. दोरी हलकी आहे, तिचं वजन धरायचं नाही, म्हणून दोन्ही टोकांना ताण सारखाच येतो, एवढंच त्या शब्दात आहे. हे तिला मराठीत सांगितलं असतं तर तिने ते गणित केलं असतं. तिची पुढची पायरी, दोन ठोकळ्यांची दोन समीकरणं, बरोबर होती. फक्त तिने दोन बाजूंना दोन वेगळे ताण धरले होते, कारण सारखे धरायचे हे सांगणारा शब्द तिला कळलाच नव्हता.

तेव्हापासून मी मुलांना कठीण सूत्रांपेक्षा साध्या शब्दांवर अडलेलं बघते आहे. आपला समज असा की मराठी माध्यमाचं पोर 'एस्केप व्हेलॉसिटी'ला, 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स'ला घाबरतं. अजिबात नाही. मुक्तिवेग आणि अपवर्तनांक ती दहावीत शिकून आलेली असतात. इंग्रजी नाव पंधरा दिवसांत तोंडात बसतं, कारण ते नवीन आहे हे त्यांना माहीत असतं. अडतात ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांना. 'युनिफॉर्म' म्हणजे गणवेश. 'एकसमान वर्तुळाकार गती' त्यांना पाठ आहे, पण 'युनिफॉर्म सर्क्युलर मोशन' दिसलं की चेहरा कोरा. 'जस्ट' म्हणजे आत्ताच, जस्ट आलो, जस्ट जेवलो. मग 'ब्लॉक जस्ट बिगिन्स टू स्लाइड' वाचलं की त्यांना वाटतं ठोकळा आत्ताच सरकून गेला. ती गतिज घर्षण, म्हणजे वस्तू सरकत असतानाचं घर्षण, लावून मोकळी होतात. तिथे म्हणायचं असतं की ठोकळा आता सरकेल की मग अशा टोकाला आला आहे, म्हणजे स्थितिक घर्षणाची, वस्तू जागेवर असतानाच्या घर्षणाची, कमाल किंमत घ्या. 'स्मूथ' म्हटलं की घर्षण शून्य धरायचं, 'ड्रॉप्ड' म्हटलं की सुरुवातीचा वेग शून्य. हे गणितात आकड्यांनी कुठेच लिहिलेलं नसतं. त्या एका शब्दातच ते दिलेलं असतं.

सगळ्यात घात करतात ते 'बाय' आणि 'टू'. रोध १०० ओहम होता. 'रिड्यूस्ड बाय २० पर्सेंट' म्हणजे ८० उरला. 'रिड्यूस्ड टू २० पर्सेंट' म्हणजे २० उरला. पर्यायांत ८० पण असतो आणि २० पण असतो. मराठीत हा घोळ पाचवीतलं पोरही करणार नाही, कारण आपण म्हणतो '२० टक्क्यांनी कमी झालं' आणि '२० टक्क्यांवर आलं'. 'अनुक्रमे' हा शब्द त्यांना गणितातून पाठ असतो, पण 'रिस्पेक्टिव्हली' वाचलं की वाक्याचा शेवटचा भाग सोडून देतात. म्हणजे समज डोक्यात तयार आहे. तिथपर्यंत नेणारा शब्द तेवढा कुणी सांगितलेला नाही.

आता घड्याळ बघा. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. ज्या मुलाला प्रश्न दोनदा वाचावा लागतो त्याचा निम्मा वेळ वाचण्यातच गेला. शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न तो बघतही नाही. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून तिथे अंदाजाने पर्याय निवडतो. नीटला चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, तिथे तर अंदाज अंगाशी येतो. आणि निकाल लागला की आपण म्हणतो, स्पीड नाही पोराला.

लोक म्हणतात, मग मराठीतून पेपर द्यावा ना. सोय आहे, खरं आहे. नीटचा पेपर २०१७ पासून मराठीतून मिळतो, आज ती परीक्षा १३ भाषांत होते. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ ला, इंग्रजी आणि हिंदीच होती. सीईटीतही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून देता येतं. पण सीईटीचं गणित फक्त इंग्रजीत. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाचे २०० पैकी १०० मार्क गणिताचे, म्हणजे काहीही निवडलं तरी अर्धी परीक्षा इंग्रजीतच. शिवाय आमच्या भागात अकरावी-बारावी सायन्स मराठीतून शिकवणारं कॉलेज मला माहीत नाही. पुस्तक इंग्रजी, मोबाइलवरचे सर हिंदी, घरात मराठी. दोन वर्षं असं शिकून परीक्षेच्या खोलीत अचानक मराठी पेपर हाती आला की दहावीनंतरच्या संज्ञांचे मराठी शब्द मूल आयुष्यात पहिल्यांदा तिथेच वाचतं.

तरीही मी माझ्या नीटच्या मुलांना मराठीच निवडायला सांगते, आणि का ते सांगते. मराठी निवडलं की पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही छापलेलं असतं. प्रसंग काय आहे ते मराठीत वाचायचं, संज्ञा इंग्रजीत बघायची. मात्र भाषांतरात घोटाळा असला तर इंग्रजीच अंतिम धरतात, म्हणून नुसत्या मराठीवर विसंबायचं नाही. ही सवय जुलैपासून लावावी लागते, मे महिन्यात लागत नाही.

ज्यामुळे मला खरा राग येतो ते सांगते. मी ज्या मोठ्या क्लासमध्ये होते तिथे पहिल्याच महिन्यात एक टेस्ट व्हायची. तिच्या मार्कांवर ए, बी, सी बॅच पडायच्या. टेस्ट इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेली मुलं जवळजवळ सगळी सी बॅचला जायची. ए बॅचला अनुभवी सर, सी बॅचला त्याच वर्षी लागलेला नवा मुलगा किंवा मुलगी. मीही तिथे तशीच लागले होते. एकदा सी मध्ये पडलेलं पोर वर गेलेलं मी तीन वर्षांत दोनदा पाहिलं. फी मात्र तिन्ही बॅचला सारखी. पहिल्या महिन्यातली ती टेस्ट फिजिक्सची नसतेच, ती इंग्रजीची असते. त्या टेस्टवर मुलांची वाटणी करणं बंद करा, निदान दिवाळीपर्यंत थांबा, असं माझं सगळ्या क्लासचालकांना हात जोडून सांगणं आहे.

तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली अहवाल दिला. नीट आल्यावर एमबीबीएसला लागणाऱ्या तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा पार घसरला, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं आहे. तिथे आधी बारावीच्या मार्कांवर प्रवेश होते, आपली गोष्ट वेगळी आहे, आपल्याकडे सीईटी होतीच. पण असं मोजमाप आपल्याही मुलांचं व्हायला पाहिजे. माध्यम कोणतं होतं, पहिल्या प्रयत्नात किती लागले, मध्येच किती सोडून गेले. सोडून गेलेल्यांत माझी ती विद्यार्थिनीही धरायला हवी.

आता मी काय करते. पहिले पंधरा दिवस एकही सूत्र फळ्यावर लिहीत नाही. रोज दहा प्रश्न. सोडवायचे नाहीत. एकाने मोठ्याने वाचायचा आणि काय घडतंय ते आपल्या भाषेत सांगायचं. "ह्ये बगा मॅडम, येक गाडी हुबी हाय. मंग ती निगाली. धा सेकंद सारखी वाढत गेली. मंग ब्रेक मारला." झालं! याच्यापुढे समीकरण लिहायला किती वेळ लागतो? सुरुवातीला मुलं लाजतात, 'शुद्ध' बोलायला बघतात. मी म्हणते, घरी आईला सांगता तसं सांगा. चौथ्या-पाचव्या दिवशी वर्गात आवाज वाढतो. जो कोपऱ्यात बसायचा तोच दुसऱ्याची चूक काढतो, "आरं, रेस्टला न्हाई ती, आदीच चालूय."

काही पालकांना हे पटत नाही. शेजारच्या क्लासमध्ये दोन चॅप्टर झाले, तुमच्याकडे अजून वाचनच चालू आहे म्हणतात. मी त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसवते, एक तास.

आणि प्रत्येकाकडे एक छोटी वही असते. डावीकडे प्रश्नातला अडलेला इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याने गणितात काय बदललं ते. नुसता अर्थ लिहायचा नाही. 'लाइट' समोर 'हलका' नाही लिहायचं, 'दोरीचं वजन शून्य, ताण दोन्हीकडे सारखा' असं लिहायचं. सगळ्यांच्या वह्यांमधून मी एक मोठी यादी केली आहे. पहिला शब्द अर्थातच 'लाइट' आहे. आज सकाळपर्यंत १८७ शब्द झाले होते, दुपारी एका मुलीने 'बेअरली' आणला.

ही यादी ज्यांना हवी असेल त्यांनी मला मेसेज करा, मी फाइल पाठवते, पैसे नाहीत. आणि तुमच्या मुलांना, विद्यार्थ्यांना अडलेले शब्द मला पाठवा. केमिस्ट्री-बायोलॉजी शिकवणाऱ्यांनी तर जरूर पाठवा, त्या विषयांचे माझ्याकडे फारच थोडे आहेत.