स्किबलाडनर कधीच थांबली नाही? अहो, दोनदा बुडालीये ती

गेले काही दिवस ग्रुपाग्रुपांत एकच फॉरवर्ड फिरतोय. नॉर्वेच्या म्योसा तलावातल्या पांढऱ्या आगबोटीचा फोटो, नाव स्किबलाडनर, आणि खाली मजकूर असा की ही १८५६ साली नॉर्वेतच बांधली, श्रीमंतांच्या सहलींसाठी, तेव्हापासून एकदाही थांबली नाही, इंजिन तेच, अजून कोळशावर चालते, आणि तिच्यावर नोकरी म्हणजे उन्हाळाभर पगारी पिकनिक. आता बोट खरी आहे, १८५६ खरं आहे, वेळापत्रकाप्रमाणे चालणारी जगातली सगळ्यात जुनी पॅडल स्टीमर (दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी लोटत जाणारी वाफेची बोट) म्हणून तिचं नाव घेतात तेही खरं. पण बाकी जवळजवळ सगळं चूक, आणि मला ते मनापासून लागलं, कारण ज्यांनी ही बोट जगवली ती माणसंच त्या मजकुरात कुठे नाहीत.

पहिलं, नॉर्वेत बांधली. नाही, लोखंडी सांगाडा स्वीडनमधल्या मोटालाच्या कारखान्यात तयार झाला. म्योसात समुद्रातून बोट वर आणायला वाटच नाही, म्हणून ते सुटे भाग तलावाच्या दक्षिण टोकाला आणून तिथे जोडले. नाव पण बघा, नॉर्स पुराणात फ्रेय देवाचं स्किबलाडनीर नावाचं जहाज आहे, घडी घालून खिशात ठेवता येणारं. तुकड्यांत आलेल्या बोटीला याहून चांगलं नाव कुठून मिळणार!

दुसरं, श्रीमंतांच्या सहली. १८५४ ला नॉर्वेची पहिली रेल्वे राजधानीपासून आयड्सव्होलपर्यंत आली आणि तिथेच संपली, पुढे हामार, योविक, लिलेहामर ही तलावाकाठची गावं गाठायची तर पाणीच. म्हणजे टपाल, सामान, प्रवासी नेणारी बोट होती ही, आपल्याकडे कोकणच्या आगबोटी होत्या तशी. १८८० ला रूळ हामारपर्यंत गेले तसं तिचं रोजचं काम हळूहळू कमी झालं. आज तिच्यावर सॅल्मन आणि स्ट्रॉबेरीचं जेवण प्रसिद्ध आहे ते ठीक, पण तेवढ्यासाठी कोणी ती बांधली नव्हती.

तिसरं, कधीच थांबली नाही. दरवर्षीच थांबते की, उन्हाळ्याचे थोडेच महिने चालते, थंडीत धक्क्याला बांधून ठेवतात. आणि १९३७ मध्ये ती बांधल्या जागीच बुडाली, १९६७ मध्ये पुन्हा बुडाली. दोन्ही वेळा माणसांनी वर काढली, दुरुस्त केली, परत पाण्यात घातली, हे फॉरवर्डमध्ये पाहिजे होतं खरं तर.

चौथं, इंजिन. आत्ताचं इंजिन १८८८ चं, त्याच वेळी बोट कापून लांबवली सुद्धा. तीन सिलिंडरचं ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे एकच वाफ आधी लहान, मग मधल्या, मग मोठ्या सिलिंडरमधून जाते, दाब कमी होत जातो आणि प्रत्येक ठिकाणी ती ढकलायचं काम करते. मूळ इंजिनावर अजून चालणारी बोट बघायची असेल तर डेन्मार्कच्या सिल्केबोर्गला जा, १८६१ ची यायलेन. आणि कोळसा पण नाही, स्किबलाडनरचा बॉयलर आता तेलावर चालतो.

आता ती पिकनिक. मी गेल्या उन्हाळ्यात तिच्यावर होतो आणि डेकवरून खाली इंजिन दिसतं तिथून अर्धा तास हललो नाही. खालचा माणूस फिरणाऱ्या क्रँकशी, म्हणजे चाकांचा दांडा फिरवणाऱ्या भागाशी, हात नेऊन बेअरिंग बोटांखालून जाताना क्षणभर टेकवून बघत होता, गरम लागतंय का, मग तेलाचा डबा, मग पुढचं, परत पहिल्यापासून, आणि मध्येच नजर काचेच्या नळीकडे, कारण बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर गाठ मरणाशी. सकाळी चावी फिरवून हे सुरू होत नाही, बॉयलर तासन्‌तास हळूहळू तापवावा लागतो, घाई केली तर पत्र्याला ताण बसतो, म्हणजे प्रवासी यायच्या कितीतरी आधी कोणीतरी उठलेलं असतं. मुंबईच्या जहाजांवर अशा लोकांना आगवाला, तेलवाला म्हणायचे, बोट कुठलीही असो, काम तेच.

आणि धक्क्याला लावणं! दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर, म्हणजे एकाच दांड्यावर, एक पुढे एक मागे असं करताच येत नाही, वेग कमी झाला की सुकाणू पण ऐकत नाही, बोट पन्नास मीटर लांब आणि अंगाने अरुंद, वारा बाजूने ढकलतो. वर कॅप्टन नुसता हुकूम देऊ शकतो, वाफ सोडणारा हात खाली असतो आणि खालच्याला धक्का दिसत नाही. हुकुमाला दोन सेकंद उशीर झाला तर लाकडी धक्का मोडेल नाहीतर चाक. हे दिवसातून कितीतरी वेळा, आणि तेव्हाच अरुंद जागेत स्वयंपाकघरातून गरम ताटं वर चालूच असतात.

फोटो पाठवायचाच असेल तर जरूर पाठवा, बोट सुंदरच आहे, फक्त त्यातलं 'कधीच थांबली नाही' काढा आणि तिथे '१९३७ आणि १९६७ मध्ये बुडाली, लोकांनी वर काढली' एवढं लिहा.