नोटीस आली? मिशीला पीळ द्या

तुमचा कुत्रा, त्याचं नाव टायगर धरू, कुणाला चावला आणि तक्रारीवरून नोटीस निघाली, तर ती हातात घ्यायची नाही, इथून सुरुवात. पालिकेचा माणूस किंवा ठाण्याचा हवालदार गेटपाशी दिसला की पोराला पुढे करा आणि "पप्पा घरी नाहीत" म्हणायला लावा. तुम्ही आतल्या खोलीत पंख्याखाली बसा. टायगर गेटवर दोन पाय टाकून आपलं म्हणणं मांडेलच. तक्रारीत लिहिलेलं सगळं त्या माणसाला जागेवरच बघायला मिळेल आणि त्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल. एक-दोन हेलपाट्यांनंतर तो नोटीस दारावर डकवेल आणि पंचांच्या सह्या घेईल. दुपारच्या वेळी गल्लीत रिकामा पंच कोण सापडतो, तर तक्रारदाराचा मेहुणा. सापडू द्या. नोटीस घेतली असती तर तारीख कळली असती, आणि तारीख कळली की माणूस तयारीला लागतो. असली लाचारी सातारकराला शोभत नाही.

तक्रारीची प्रतही मागू नका. कधी, कुठे, काय घडलं म्हणून लिहिलंय ते वाचलं की उत्तर नेमकं द्यावं लागतं. तक्रार कुणी केली ते तुम्हाला ठाऊक आहेच, दोन वर्षांपूर्वी गाडी लावण्यावरून ज्याच्याशी वाजलं होतं तोच. पुढचं सगळं त्या गाडीभोवती फिरवा. चावा हा किरकोळ विषय.

कायदा बघायचाच झाला तर अर्धा बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हयगय केली आणि त्यापासून माणसाला धोका होऊ दिला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातले पाच हजार तेवढे लक्षात ठेवा आणि "तोंडावर फेकतो" म्हणून चौकात सांगत फिरा. जुन्या दंड संहितेत हा आकडा हजाराचा होता, तेव्हा आपल्या कुत्र्याची पत वाढली असंही म्हणता येईल. सहा महिन्यांचा विषय बायकोसमोर काढू नये.

दुसरं कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली ती), १५२. धोकादायक जनावर कोंडून ठेवा, त्याची विल्हेवाट लावा, अगदी मारून टाका, असा हुकूम प्रांतांना, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, या कलमाखाली काढता येतो. पण हा हुकूम आधी सशर्त असतो. ठरल्या मुदतीत पाळा, नाहीतर अमुक तारखेला हजर राहून का पाळत नाही ते सांगा, असं त्याचं स्वरूप. म्हणजे तुमचं म्हणणं ऐकायला सरकारच तुम्हाला बोलावतंय. नेमकं तिथेच जायचं नाही. कुणी फिरकलंच नाही की सशर्त हुकूम पक्का होतो, आणि मग "आमची बाजू ऐकूनच घेतली नाही" हे पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगायला तुम्ही मोकळे.

काही मंडळींना मात्र गप्प राहवत नाही. त्यांनी लेखी खुलासा जरूर द्यावा. तो रात्री जेवणानंतर, रागाच्या भरात लिहावा आणि वकिलाच्या नजरेस पडू देऊ नये. नमुना देतो, नाव-पत्ता तुमचा घाला:

"महोदय, आपल्या नोटिशीतील मजकूर धादांत खोटा, खोडसाळ व राजकीय हेतूने प्रेरित आहे. आमचा श्वान नामे टायगर हा अत्यंत प्रेमळ असून त्याने आजतागायत गॅसवाला, मीटरचे रीडिंग घेणारा व आमचे थोरले साडू यांच्याखेरीज कोणासही चावा घेतलेला नाही. सदर दिवशी तो गेटबाहेर होता, कारण गेटची कडी मागील दिवाळीपासून तुटलेली आहे. ही बाब तक्रारदारास पूर्ण ज्ञात असून त्याने ती आम्हास वेळोवेळी सांगितलेली आहे. तक्रारदार पळाला नसता तर टायगर मागे लागला नसता व तक्रारदार पडला नसता तर टायगरला तो सापडला नसता. सबब योग्य ती कारवाई तक्रारदारावर व्हावी, ही नम्र विनंती."

हा कागद फाइलला लागला की समोरच्याला साक्षीदार शोधायची गरज उरत नाही. पूर्वीचे चावे, तुटलेली कडी, आधी मिळालेली ताकीद, सगळं तुमच्याच सहीनिशी. साडूंचा उल्लेख काही जण गाळतात. गाळू नका, आपली कुठेतरी सरकारी नोंद झाली म्हणून साडूंना बरं वाटतं.

ज्याला चावलं त्याच्या घरी चौकशीला जाऊ नका. गेलात तर चूक कबूल केल्यासारखं होतं, असं सांगणारे कायदेपंडित प्रत्येक पानटपरीवर उभे असतात. जखम डोळ्यांसमोर असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा, डॉक्टर सांगतात तो कंटाळवाणा उपाय कुणाला करू देऊ नका. चुना लावा, तिखट भरा, हळद दाबा. हळद सांगलीची असेल तर दुधात साखर. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, रेबीजचा विषाणू मानांकनाला वचकून असणारच. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही हे खरं, पण चावलेला माणूस तुमच्या घरचा नाही ना?

टायगरच्या लसीचं कार्ड असेल तर ते कपाटाच्या तळाशी घाला. नसेल तर "सगळी इंजेक्शनं झालीत त्याची" असं ठणकावून सांगा. आणि त्याच रात्री त्याला गाडीत घालून मामाच्या गावी, वर जावळीत, पोचवून या. यातली खुबी समजून घ्या. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. दहा दिवसांनंतरही तो धडधाकट असला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, आणि चावलेल्याच्या घरी लोक नीट झोपू लागतात. टायगर इथे नसला की झोपेचा प्रश्न मिटला. तक्रारदार सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी रांगेत उभा राहील, जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं सीरम टोचून घेईल आणि प्रत्येक सुईला तुमचं नाव घेईल. साक्षीला उभा राहील तेव्हा त्याच्याइतकं स्वच्छ कुणालाच आठवत नसेल.

वरून फोन करवायला विसरू नका. हवालदार तुमच्याकडे "भाऊ, कुत्रं जरा बांधून ठेवा, विषय मिटवू" असं म्हणायला आलेला असतो. साहेबांचा फोन गेला की तो विषय मिटवत नाही, नियमाप्रमाणे करतो.

साताऱ्यात राहून इतिहास बाहेर काढला नाही तर काय उपयोग? संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या (शिवाजी महाराजांच्या नातवाच्या) खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्याने महाराजांना सावध केलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. चुकून सुनावणीला गेलातच तर ही कथा सविस्तर ऐकवा. १७०८ च्या राज्याभिषेकापासून सुरुवात केली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत आरामात पुरते. मध्येच अधिकाऱ्याने "तुमच्या कुत्र्यासमोर वाघ होता का?" असं विचारलं तर डगमगू नका. वाघ नव्हता, तुमचं पार्सल द्यायला आलेला तक्रारदार होता. पण हेल्मेट घातलेला होता, आणि टायगरच्या जागी खंड्या असता तरी त्याला तो ओळखू आला नसता. (पार्सल तुम्हीच मागवलं होतं हे बोलायची गरज नाही. पावतीवर असतं.)

जातीचा मुद्दा निघाला तर १२ मार्च २०२४ चं केंद्र सरकारचं पत्र हाताशी ठेवा. पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका, त्यांची विक्री आणि पैदास थांबवा, असं त्यातून राज्यांना कळवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तुम्ही एवढंच करायचं, रद्द झाल्याची बातमी गल्लीच्या ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायचं, "सत्याचा विजय! कोर्टानेच परवानगी दिली." कसली परवानगी ते लिहू नका. कुत्रा रॉटवायलर असेल तर सरकारी माणसाला "गावठीच आहे हो, जरा अंगाने भरलाय" म्हणा. खरोखर गावठी असेल तर अडचण आहे, कारण "याचा आजा लांडगा होता" असं तुम्हीच अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, आणि तक्रारदाराने ते अर्जात शब्दशः उतरवलंय.

उलट अर्ज तर हवाच. तक्रारदाराने काठी उगारली होती, त्याला प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात अडकवतो, असं कट्ट्यावर जाहीर करा. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, हे त्याच्या वकिलाला ठाऊक नसावं एवढीच प्रार्थना करा. पन्नास रुपयांत हल्ली पावशेर कंदी पेढेसुद्धा येत नाहीत. घराला कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण स्वतः न बघता पेनड्राइव्हमध्ये घालून ठाण्यात देऊन टाका. बहुतेक त्यात उघडं गेट, पळणारा टायगर आणि पायरीवर बसून मोबाइल बघणारे तुम्ही, असं तिघांचंही काम स्पष्ट आलेलं असतं.

राहता राहिला टायगर. या सगळ्या धामधुमीत त्याला कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. जावळीहून परत आणल्या दिवसापासून त्याला जिन्याखाली आखूड साखळीने बांधा, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला दिसेल आणि कुणापाशीच पोचता येणार नाही. महिनाभरात कसा तयार होतो बघा. गेटवर "कुत्र्यापासून सावध रहा" ही पाटी आणखी मोठी करून लावा. कुत्रा चावरा आहे हे मालकाला माहीत होतं, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही. पाहुणा दारात थबकला की नेहमीचं वाक्य फेका, "या या, काही करत नाही तो." पाहुण्याने "शेपूट हलवतोय, पण ताठ का उभाय?" असली शंका काढली तर हसण्यावारी न्या. उंच धरलेली, ताठ, भराभर हलणारी शेपूट प्रेमाचीच असते असं नाही, हे कुत्रं ओळखणारा कुणीही सांगेल. पण अशा माणसांना तुम्ही घरी बोलावतच नाही.

कुत्रं चावण्याआधी बरंच काही सांगत असतं. तोंड फिरवतं, ओठ चाटतं, भलत्या वेळी जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, ताठरतं, आणि कुणाला काहीच कळलं नाही की गुरगुरतं. गुरगुरला की पायताण हाणा. चार दिवसांत गुरगुरणं बंद होतं आणि "सुधारला बघा" असं लोकांना दाखवता येतं. आता तो न सांगता चावतो.

चांगला वागणारा कुत्रा एकाएकी अंगावर जायला लागला तर त्याचा कान सडलेला असू शकतो, सांधा धरलेला असू शकतो, दात ठणकत असू शकतो. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खंबाटकी घाट ओलांडून तिथे गेलात आणि डॉक्टरांनी तपासून, दुखण्यामुळे असा वागतोय, उपचार सुरू केले, असं कागदावर लिहून दिलं तर तो कागद सुनावणीत तुमच्या बाजूने बोलायला लागेल. शिवाय कुत्र्याचा ठणका थांबेल. जाऊ नका. कान दुखतोय म्हणून चावला असं म्हटल्यावर टायगरची काय शान राहिली, आणि तुमची तरी काय?

आता समजा, एवढं सगळं साग्रसंगीत करूनही प्रांतांनी समजूतदारपणा दाखवला. कोंडायचं नाही, मारायचं नाही. फक्त गेटला कडी बसवा, बाहेर नेताना साखळी लावा, तोंडाला जाळी घाला आणि लसीचा दाखला हजर करा. जाळी काही शेकड्यांत मिळते, कडी त्याहून स्वस्त. पण हा पैशांचा प्रश्न नाही, घराण्याचा आहे. पूर्वी अशा अन्यायाविरुद्ध थेट मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं आणि त्यात आपला सातारा जिल्हाही आहे. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ती तुमच्या गेटच्या कडीसाठीच होती असं समजा. पहाटेची गाडी धरा, कराडला चहा घ्या, भारीतला वकील गाठा. त्याने पहिल्या भेटीत कागद बाजूला सारून "ती कडी बसवली का हो?" असं विचारलं, तर वकील बदला.