नाताळ, नळ आणि तीन काजू

सोलापुरात नाताळ कोणत्या वारी येतो याला आमच्या घरात काडीची किंमत नाही. तो पाण्याच्या दिवशी येतो की बिनपाण्याच्या, एवढंच विचारलं जातं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही बहुधा रात्री-अपरात्री. त्यामुळे डिसेंबर उजाडला की आई भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेते आणि पेन्सिलीने टिंबं टाकत टाकत 25 तारखेपर्यंत जाते. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी तारा बघून बेथलेहेम गाठलं, पण त्यांनाही एवढं गणित पडलं नसावं. यंदा टिंब 24च्या रात्रीवर पडलं. आई म्हणाली, "देव दयाळू आहे." मी गप्प बसलो. 24च्या रात्रीच आमच्याकडे कॅरलची, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी, मंडळी यायची होती, आणि हौद-बॅरल भरायचं खातं माझ्याकडे आहे.

नाताळ म्हटलं की ऑफिसातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फ, घसरगाडी आणि लाल टोपीतला म्हातारा येतो. आमच्याकडे येतो तो सोऱ्या. शेजारपाजारचे सोरे दिवाळी उरकून माळ्यावर गेलेले असतात, तेव्हा आमचा खाली उतरतो. चकली, करंजी, शंकरपाळी, चिवडा, सगळं साग्रसंगीत. यामागे भक्तिभाव आहेच, पण मुख्यतः हिशेब आहे. दिवाळीत आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. आईच्या वहीत नोंदी असतात: "समोरच्या अक्का, उभा डबा, चकली 20, बेसनलाडू 9, झाकण सैल." हे कर्ज नाताळात फेडायचं. अडचण अशी की अक्कांचं अख्खं घर तोवर फराळाला विटलेलं असतं. मागे मी डबा घेऊन गेलो तर त्या दारातच म्हणाल्या, "करंज्या कशाला ओ? आमच्याच संपनात. केक द्या की!"

तेव्हापासून आमच्या घरातला केक वाढतच गेला. आणि आमचा केक म्हणजे बोस्टनचा केक. म्हणजे कृती तिथली नव्हे, शिस्त तिथली. आजोबा नगरकडून इथल्या मिलमध्ये कामाला आले, आणि त्या नगरच्या मंडळींना ख्रिस्ताकडे आणलं ते बोस्टनच्या संस्थेने पाठवलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी. 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली नगरला ठाण मांडलं, आणि बायबलाबरोबर दारूबंदीही शिकवली. ती आमच्या घरात अजून चालू आहे. त्यामुळे इतरांच्या केकचा सुकामेवा रममध्ये भिजतो, तेव्हा आमचा संत्र्याच्या रसात भिजतो. संत्र्याच्या म्हणजे फळाच्या. महाराष्ट्रात हा खुलासा करावा लागतो.

याच मिशनऱ्यांच्या पूर्वजांची एक हकिगत मी वाचली आणि तेव्हापासून दर डिसेंबरात मला त्यांची आठवण येते. ते प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे प्रोटेस्टंट. बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही, आणि लोक सणाच्या नावाखाली दारू पिऊन धिंगाणा घालतात, हे त्यांना पटेना. मग त्यांनी 1659 साली मॅसॅच्युसेट्समध्ये कायदाच केला: नाताळ म्हणून जो काम बंद ठेवेल किंवा मेजवानी करेल, त्याला पाच शिलिंग दंड. हा कायदा 1681पर्यंत चालला. बावीस वर्षं! बावीस वर्षं तिथल्या कुठल्याही नवऱ्याला शंकरपाळ्या लाटाव्या लागल्या नाहीत. उलटं बघितलं तर, पाच शिलिंगांची आजची जी काय रक्कम होईल ती मी आगाऊ भरायला तयार आहे, दंड म्हणून नव्हे, सूट म्हणून. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणूनच ते इकडं आले असतील, करंज्या खायला. जा, मैदा चाळून घे."

केकचं मिश्रण घरात होतं, पण भाजणं बेकरीत. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच टिन मावतं, आणि आमच्या डब्यांचं कर्ज एका टिनात फिटणारं नाही. बेकरीची भट्टी लाकडाची. आधी पाव, मग खारी-टोस्ट, आणि भट्टी जरा उतरली की केक. ही 'जरा' कधी येणार हे फक्त भट्टीवाल्याला कळतं, आणि तो बोलत नाही. आपण अंगावर मैदा, मांडीवर टिनं, टिनांवर वर्तमानपत्र अशा थाटात बाकड्यावर बसायचं. 21 डिसेंबरला तिथे आमची निम्मी मंडळी भेटते. उपासनेला उशिरा येणारेही इथे वेळेवर असतात. घामाघूम अवस्थेत एकमेकांना सलाम करायचा आणि डोळा मात्र दुसऱ्याच्या टिनावर: "तुमचं पातळ दिसतंय जरा."

खरा प्रश्न असतो तो आपला केक आपल्याच घरी नेण्याचा. नावाची चिठ्ठी लावली तर जळते. खडूने लिहिलं तर भट्टीवाल्याच्या फडक्याने पुसतं. म्हणून प्रत्येक घर वरून सुक्यामेव्याची खूण करतं. कुणाचा बदामाचा क्रॉस, कुणाची मनुकांची चांदणी. आमच्या आजीने पूर्वीच ठरवून दिलंय, तीन काजू. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आता या खुणेत धर्मशास्त्रदृष्ट्या काहीच खोट काढता येणार नाही. पण हेच धर्मशास्त्र इतर घरांनीही शिकलेलं असतं, हे आजीच्या लक्षात आलं नसावं. भट्टीवाल्याने लांब दांड्याच्या फळीने टिनं बाहेर ओढली तेव्हा ओट्यावर त्रैक्यच त्रैक्य पसरलं होतं. आमच्या शेजारचे गृहस्थ काजूंच्या टोकांच्या दिशा तपासत होते. मागच्या बाई म्हणाल्या, "माझे काजू पाकळी काजू आहेत, तुकडा नाही." भट्टीवाला त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलला: "गार व्हायच्या आत उचला की ओ."

उचलले. घरी आल्यावर बायकोने एकेक टिन पालथं करायला घेतलं आणि चौथ्याशी थांबली. वास घेतला. मला बोलावलं, दार लोटलं आणि टिन माझ्या नाकापुढे धरलं. संत्र्याचा काही संबंध नव्हता. तो वास अगदी निराळ्या देशातला होता. केक पण काळाभोर, ओलसर, आमच्यापेक्षा जड. म्हणजे कुणाच्या तरी घरी महिनाभर लाडाने भिजवलेला मेवा आमच्याकडे आला होता, आणि आमचा बोस्टनचा सात्त्विक केक त्यांच्या पाहुण्यांपुढे जाणार होता. बेकरीत जाऊन विचारलं. उत्तर आलं, "तीन काजू हायत का? मग तुमचाच." बायको म्हणाली, "आईंना कळता कामा नये." केक कपाटाच्या वर गेला, पाहुण्यांच्या गादीमागे.

मधला एक दिवस शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, नाटकात गेला. त्याचं फार सांगत नाही. बायबलात ही गोष्ट सांगणाऱ्या मत्तयाने ज्ञानी लोक किती आले हे लिहून ठेवलेलं नाही, याचा फायदा बाईंनी पालकांच्या दबावाखाली पुरेपूर घेतला आणि यंदा सात ज्ञानी आले. सोनं, ऊद आणि गंधरस तिघांत संपलं. चिरंजीव पाचवे. त्यांनी बाळाला सोलापुरी चादर दिली. डिसेंबरच्या रात्री गव्हाणीत निजलेल्या बाळाला त्यातल्या त्यात तीच कामाची. मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल होते, तेही इथलेच. एका गावाने आपल्या मालाची याहून पवित्र जाहिरात केली नसेल.

24च्या रात्री कॅरलवाले साडेअकरापर्यंत येणार होते. साडेअकराला फोन आला, "दोन घरं राहिलीत." एक वाजता फोन आला, "दोन घरं राहिलीत." ही कॅरलची दोन घरं संपत नसतात, कारण प्रत्येक घरी चहा असतो आणि प्रत्येक घरी पाळकसाहेब प्रार्थना करतात. आई खुर्चीत, नव्या साडीत, ताठ बसलेली. मी वऱ्हांड्यात, मफलर गुंडाळून, एक कान गल्लीकडे आणि एक नळाकडे. पावणेतीनला गल्लीतली कुत्री उठली, स्कूटरवर मांडीत पेटी घेतलेला तरुण संघाचा सेक्रेटरी दिसला, मागे ढोलकी, झांजा, आणि जवळजवळ तीस माणसं. "गाऊ या!" असं पाळकसाहेब म्हणाले आणि त्याच क्षणी नळाने खाकरून घसा साफ केला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती माणसाला अभंग-भजनाच्या वाटेला लावलं, ते किती बरं केलं, हे मला त्या रात्री कळलं. भजनाला धरलेल्या ठेक्यावर बादल्या उचलता येतात. मोटार लावली, तर तिच्या आवाजात पेटी ऐकू येईना. आई म्हणाली, मोटार बंद. बंद केली, तर पाणी गच्चीवर चढेना. शेवटी तरुण संघाने जिन्यावर रांग धरली. खाली ध्रुपद, मधल्या पायरीवर कडवं, वर टाकीशी झांजा. "हळू! सांडतंय!" हे त्या रात्री कुठल्या तरी गाण्यात बसून गेलं आणि चालीत बसलंही. समोरच्या गॅलरीत अक्कांचे यजमान, आमचे अण्णा, चादर पांघरून आले. मला वाटलं आता रागावणार. अण्णा म्हणाले, "तेलुगूतलं एखादं येतंय का बघा की ओ!" ढोलकीवाल्या पोराला येत होतं. ते झालं. मग अण्णांनी स्वतःच्या घरातल्या दोन बादल्याही रांगेत आणून ठेवल्या.

नंतर चहा, चिवडा आणि केक. तीस माणसांनी रात्री साडेतीनला केक कसा खावा याला काही मर्यादा असते, ती पाळली गेली नाही. शेजाऱ्यांसाठी बाजूला ठेवलेलाही गेला. हौद मात्र काठोकाठ होता.

25 तारखेबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण ती मी अर्धवट झोपेतच काढली. सकाळची उपासना, नवीन शर्टाची टोचणारी कॉलर, घरी मटण, दारात चांदणीची रांगोळी, फराळाच्या डब्यांची वाटणी. संध्याकाळी पाळकसाहेब सहकुटुंब आले. अक्का आणि अण्णाही आले होते. आई म्हणाली, "केक आण." बायको म्हणाली, "संपला." आई म्हणाली, "संपला कसा? गादीमागे एक आहे की." बिछाने काढताना तिने तो कधीच बघून ठेवला होता.

तिने स्वतः कापला. पहिला तुकडा पाळकसाहेबांना. ते डोळे मिटून खातात, प्रार्थनेची सवय. या वेळी डोळे जरा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग म्हणाले, "काल रात्रीपासूनचा शीण गेला बघा," आणि बशी पुढे केली. अक्कांनी यंदा करंजीचा विषयही काढला नाही. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मिलच्या कँटीनमधली वर्षं वाया जात नाहीत. आईने बारीक तुकडा तोंडात टाकला, थांबली, आणखी एक टाकला, आणि लग्न होऊन घरात आलेल्या सुनेला जे कधी म्हणाली नव्हती ते चारचौघांत म्हणाली, "यंदा जमलाय तुला."

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे कौतुक घ्यावं, तर केक आपला नाही. नाकारावं, तर पाळकसाहेबांच्या हातात तिसरा तुकडा. तिने पदर सावरला आणि कौतुक घेतलं.

"महिला मंडळात सगळ्याजणी विचारतील," आई म्हणाली आणि डब्यांच्या हिशेबाची वही पुढे केली. "कृती लिही. यंदा काय वेगळं घातलंस ते नीट लिही."

बायको बराच वेळ पेन्सिल धरून बसली. मग मैदा, साखर, अंडी, सगळी मापं नेहमीची लिहिली, आणि शेवटी एक ओळ वाढवली:

संत्र्याचा रस (जुना), अर्धी वाटी.