चौकटीतला गुमास्ता

सकाळी सकाळी मामीचा फोन. आवाज कापत होता. "अरे, वकिलाचं पत्र आलंय. नाव वापरायचं बंद करा म्हणतायत."

नाव म्हणजे आमच्या आजीचं माहेरचं नाव. ११ वर्षांपूर्वी मामीने भाजणी आणि गोडा मसाला विकायला काढला, तेव्हा पुड्यांवर सासूचं माहेरचं नाव घातलं. कुठली सून करते हो हे? आता तेच नाव कुणीतरी ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर केलंय आणि चोर ठरली मामी!

तेव्हा एका एजंटने पैसे घेऊन गुमास्ता परवाना काढून दिला आणि वर म्हणाला, "झालं वहिनी, नाव तुमचं." मामीने तो कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला. दर दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहते! अरे, गुमास्ता म्हणजे धंद्याची नोंद, नावाची मालकी नव्हे. उद्यमचा (लघुउद्योग नोंदणीचा) कागद तसाच, जीएसटी नंबरही तसाच. हे त्या एजंटला ठाऊक नव्हतं?

स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर ट्रेडमार्कची सरकारी फी एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका गटाला, ४,५०० रुपये. १० वर्षांची निश्चिंती, मग नूतनीकरण. मसाला-भाजणी वर्ग ३० मध्ये. (लोणचं घातलंत की वर्ग २९, परत ४,५००. असो.) नाव आधी कुणी घेतलंय का, ते ट्रेडमार्क खात्याच्या साइटवर फुकट बघता येतं. दुसऱ्याचं नाव खात्याच्या जर्नलमध्ये छापून आलं की हरकत घ्यायला ४ महिने असतात म्हणे. मामीने भाजणी भाजायची की जर्नल वाचत बसायचं?

बरं, समोरच्याने मुद्दाम केलं असेलच असं नाही. आजीचं माहेरचं नाव ही काही आमची जहागीर नाही. आणि ट्रेडमार्क कायद्यात कलम ३४ आहे, त्याच्या आधीपासून आपण सलग वापरतोय हे दाखवता आलं तर तो अडवू शकत नाही. पण दाखवणार कशावरून? मामीचं बिल म्हणजे वहीचं फाडलेलं चिठोरं.

एजंटला दिवसभर शिव्या घातल्या. पण ती फ्रेम बघून "वा मामी!" मीही म्हणालो होतो. लेबल मीच केलं होतं. नावापुढे गोलातला 'आर' मीच टाकला, छान दिसतो म्हणून. नोंदणी नसताना तो लावणं बेकायदेशीर आहे, हे आज कळलं. मामीला अजून सांगितलेलं नाही.

उद्या माळ्यावरच्या जुन्या वह्या काढायला जातोय. कुणाकडे मामीचं जुनं पाकीट, चिठोरं, व्हॉट्सॲपवरची ऑर्डर, काहीही असेल तर फोटो पाठवा. तारीख दिसली पाहिजे.

मामी विचारतेय, दिवाळीची लेबलं छापायला टाकू का. काय सांगू तिला?