हिरव्या डोळ्यांचा नरसिंह

मेट्रो स्थानकाच्या तपासणी यंत्रात गेलेली माझी पिशवी पट्ट्यावरून उलट मागे आली, तेव्हाच काय ते ओळखायला हवे होते. पडद्यावर एक पॉवर बँक, तिच्यातून निघालेल्या तारांचे जंजाळ, एक सर्किट बोर्ड आणि या सगळ्याभोवती विचकलेले दात असे चित्र दिसत होते. पहारेकऱ्याने विचारले, "सर, काय आहे हे?" आणि पुण्यात चाळीस वर्षे काढूनही मी खरे उत्तर दिले, "नरसिंह."

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रल्हादाचे नाटक होते. एकही वाक्य नसलेली, केवळ गर्जना असलेली भूमिका मला देऊन समितीने माझ्या अभिनयाविषयीचे आपले मत स्पष्ट केले होते. त्याचा सूड म्हणून मी वर्तमानपत्रांच्या लगद्याचा असा मुखवटा घडवला, की ज्याचे डोळे शांत असताना निळे आणि संतापल्यावर लाल होतील. प्रत्येक डोळ्यात 12 आणि आयाळीत 16 असे एकूण 40 दिवे तापकीर गल्लीतून आणले. डब्ल्यूएस2812बी या जातीच्या प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असते. बोर्डाकडून आलेल्या माहितीतला आपला वाटा ती काढून घेते आणि उरलेली पुढच्या दिव्याकडे सरकवते. पंगतीत पहिल्यानेच भांडे अडवून धरले, तर पुढच्यांची पाने कोरडी राहतात, तसेच हे आहे. सगळे दिवे पूर्ण पांढरे पेटवले, तर एकेकाला 60 मिलिअँपिअर या हिशेबाने 2.4 अँपिअर वीज लागते. ती माझ्या पॉवर बँकेच्या ऐपतीबाहेरची असल्यामुळे तेज एक तृतीयांशावर ठेवले होते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवात, मुखवटे रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात नाचत आले. टेंभ्याला प्रोग्रॅम लागत नाही, ही त्याची मोठीच सोय म्हणायची.

"घालून दाखवा," पहारेकरी म्हणाला. धातुशोधक चौकटीतच उभे राहून मी मुखवटा चढवला आणि बटण दाबले. डोळे निळे झाले. मग दुपारी घाईघाईत भरलेला संतापाचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि डोळे हिरवेगार झाले.

माझ्या मागे अळूच्या जुड्यांची पिशवी घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि विचारले, "कुणाचं सोंग म्हणालात?"

"नरसिंहाचं."

"हे तर मांजर आहे."

रंग चुकला असून तो लाल हवा होता, असे मी लगद्याच्या आतून सांगितले. ते बाहेर केवळ घुमले असावे, कारण आजी पहारेकऱ्याला म्हणाल्या, "आवाज मात्र छान काढतात." मग माझ्या डोक्यावरची चौकट आणि बाहेरचा मावळता उजेड पाहून त्यांना एकदम उत्साह आला. "अहो, बरोबर उंबरठ्यावर उभे आहात की! आत नाही, बाहेर नाही, वर तिन्हीसांजा. आता फक्त हिरण्यकशिपू हवा." ऑफिस सुटून आलेली मागची रांग ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होती, तिच्यात त्या भूमिकेला किमान आठ उमेदवार सहज मिळाले असते.

"केवढ्याला घेतलात?"

"घरी केला."

"घरी?" त्यांचा स्वर हळवा झाला. "तुळशीबागेत दीडशेला मिळतो हो. त्याचे डोळे लाल असतात."

माझे अकराशे रुपये, पाच रविवार आणि सोल्डरिंगने भाजलेली दोन बोटे या वाक्याखाली चिरडली गेली. हाताने केलेली वस्तू दाखवल्याबरोबर ती बाजारात कितीला मिळते हे सांगणे म्हणजे आपण समोरच्याचे भलेच करतो, असे लोकांना का वाटते, हे मला खरोखर कळत नाही. अळूवडी करणाऱ्या घरी जाऊन ती दुकानात कितीला मिळते, हे मी कधी सांगितलेले नाही. आणि याच क्षणी पहारेकऱ्याने "ही वायर कसली?" म्हणून दोन डोळ्यांमधली माहितीची तार बोटात धरून ओढली. उजवा डोळा पुन्हा निळा झाला. डावा डोळा आणि आयाळ होती त्याच हिरव्या रंगात गोठून राहिली. "आता दोन रंगांचं मांजर," आजी म्हणाल्या आणि चौकटीतून माझ्या आधी पलीकडे गेल्या.

घरी येऊन पाहिले, तर या दिव्यांना रंगांचे आकडे हिरवा, लाल, निळा या क्रमाने हवे असतात आणि मी ते लाल, हिरवा, निळा असे पाठवत होतो. निळ्याची जागा दोन्हीकडे तीच असते आणि पांढऱ्यात तिन्ही आकडे सारखेच असतात. मी घरी तपासले होते ते नेमके हे दोनच रंग. प्रोग्रॅममधली दोन अक्षरे उलटसुलट केल्यावर डोळे लाल झाले. तार मात्र दोनदा जोडूनही नाटकाच्या दिवशी पुन्हा निसटली आणि नरसिंहाने हिरण्यकशिपूचा वध एकाच डोळ्याने केला.

काल त्याच स्थानकावर तोच पहारेकरी होता. "काय सर, लाल झाला का?" असे त्याने लांबूनच विचारले. मी "झाला" म्हटले, तार कुणी तोडली ते सांगायचे राहून गेले, आणि त्याने माझी पिशवी न तपासताच मला आत सोडले. तिच्यात फक्त जेवणाचा डबा होता.