वॉलिंगफर्ड रोमन नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या थेम्स नदीकाठच्या वॉलिंगफर्ड या गावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. काटकोनात छेदणारे रस्ते ही रोमन नगररचना, तिचं श्रेय मी उगाच नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या राजा आल्फ्रेडला दिलं. 1066 मध्ये इंग्लंड जिंकायला आलेल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इथे 'पुलावरून' नदी ओलांडली, याला पुरावा नाही. आणि गावाची वाट सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलने लावली, शेजारच्या अबिंग्डन गावच्या पुलाने नव्हे.

मधला आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझी. गावाच्या नावातच 'फर्ड' आहे, म्हणजे नदीचा उतार. विल्यमचं सैन्य इथून पलीकडे गेलं एवढं खरं. पूल मी पदरचा घातला. लेखात दुरुस्ती केली आहे.

रोमन नगराचं मात्र पटत नाही. इथे रोमन नाणी, खापरं सापडतात, पण तेवढ्याने नगर उभं राहत नाही. खरं तटबंदीचं रोमन गाव होतं ते डॉर्चेस्टर, नदीने थोडं वर. तुमची शंका मी समजू शकतो, कारण आल्फ्रेडची राजधानी विंचेस्टर, तिथे त्याने जुना रोमन तटच वापरला होता. पण वॉलिंगफर्डला किनेक्रॉफ्टच्या मैदानाकडेला उभे राहून बघा. दगडी भिंत नाहीच, गवताने मढलेला मातीचा बांध आहे, एखाद्या पाझर तलावाच्या बांधासारखा, आणि त्याच्या बाहेरून खंदक. तीन बाजूंना बांध, चौथीला थेम्स. रस्ते या चौकटीतच बेतलेले आहेत.

दुसरा आधार कागदाचा. 10व्या शतकाच्या सुरुवातीची तटबंदीच्या गावांची एक यादी आहे, 'बर्गल हायडेज'. हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन. दर हाइडमागे एक माणूस, आणि साडेसोळा फूट तटाला चार माणसं, असा तिचा हिशेब. वॉलिंगफर्डच्या नावे 2400 हाइड, म्हणजे 2400 माणसं; चार-चारचे 600 गट, 600 गुणिले साडेसोळा, 9900 फूट. विंचेस्टरलाही नेमके 2400, आणि तिथल्या तटाची लांबी खरोखरच जवळजवळ तेवढी भरते. राजधानीच्या तोडीचा आकडा ज्या गावापुढे मांडला, ते आल्फ्रेडच्या घराण्यासाठी आडवाटेचं खेडं नव्हतं. (हे गणित मी एका रविवारी पाकिटाच्या पाठीवर करून पाहिलं आणि चहा गार झाला.)

आता क्रॉमवेल. 1646 च्या जुलैत वॉलिंगफर्डचा किल्ला शरण आला आणि 1652 मध्ये तो पाडला, हे तुमचं बरोबर. पण तेव्हा पाडायला कितीसं उरलं होतं? सोळाव्या शतकातच, मेरी राणीच्या काळात, तिथला मालमसाला विंडसरच्या किल्ल्यासाठी नेला गेला होता. गाव त्याच्याही आधी खचलं. 1349 च्या सुमारास प्लेगची काळी साथ आली, आणि 1416 मध्ये अबिंग्डनला पूल झाला, तशी लंडन-ग्लॉस्टर वाहतूक तिकडून वळली. हमरस्ता सरकला की बाजार सरकतो. साथीला मी लेखात एकच ओळ दिली, हा तुमचा टोला मात्र रास्त आहे; पुढच्या भागात ती भरपाई करेन.

तुम्ही वकील आहात असं लिहिलंय, म्हणून जाता जाता: कायद्याच्या अभ्यासात भेटणारे इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याच गावच्या सेंट पीटर चर्चमध्ये पुरलेले आहेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर.